ख चा पाय

शपथेवर लिहून द्या म्हणाले, तेव्हा मी सांगितलं,
नाव महालिंग सदाशिव जिनगर, वय एकसष्ट,
धंदा पेंटर. होता.

मार्केट यार्डातली मगदूमांच्या पेढीची पाटी माझी.
कोपऱ्यात बघा, धुळीखाली : महालिंग आर्ट्स, ८९.
फडक्यानं पुसू नका, वकीलसाहेब, हळद आहे ती,
पुसली की आणखी पसरते.

त्रिशलावहिनींनी मोबाईलवर दोन नावं दाखवली.
एक त्यांचं. एक कुणाचं तरी.
राजकोटच्या पार्टीनं त्या कुणाला तरी अकरा लाख पाठवले,
सव्वाशे पोती राजापुरीचे,
आणि ट्रकची वाट बघत बसली.
"सांगा काका, काय फरक?"
मी चष्मा वर केला, खाली केला.
मगदूम. मगदूम.

मग दिसलं.
शेवटचा एम, एम नव्हता.
आर होता, आणि त्याला खेटून एन,
लहान लिपीतले,
थंडीत एका घोंगडीत शिरल्यासारखे.

मी नऊ वर्षांचा असताना "खत" काढलं होतं,
ख चा पाय न जोडता.
वडील रस्ता ओलांडून पलीकडं गेले, तिथनं मोठ्यानं वाचलं :
रवत.
"रवत विकतोय व्हय रं हा माणूस?"
ब्रशच्या दांड्याचा एक बोटांवर.
अक्षर शिडीवरनं वाचायचं नसतं,
पलीकडनं वाचायचं.
पाय जोड. नाहीतर एकाची दोन होतात
आणि दोघं मालक म्हणून उभी राहतात.

हे शपथपत्रात आलं नाही.
वकिलांना हवं होतं ते आलं : पाटी कुठल्या साली,
पैसे कुणी दिले, नाव तेव्हापासून तेच का.
तेच. साडेतीनशे रुपये, जिनगोंडा मगदूमांनी, दोन हप्त्यांत,
आणि वर किलोभर हळकुंडं.

निकाल कुठं परदेशात लागला, कागदावरच.
लवादानं यार्ड बघितलं नाही, सौदा ऐकला नाही,
नुसती अक्षरं मोजली. बरोबर मोजली.
"गोंधळ व्हावा इतकं सारखं."
"वाईट हेतूनं नोंदवलेलं."
नाव मगदूमांच्या हवाली.
अकरा लाख कुणाच्या हवाली, ते त्या कागदात नव्हतं.

पण मला झोप लागेना ती दुसऱ्याच गोष्टीनं.
त्या खोट्या दुकानाचा लोगो होता, पिवळ्यावर तपकिरी.
त्यातल्या आर आणि एनमधे केसाएवढी जागा.
जास्त नाही, कमी नाही.
ती जागा मी ओळखतो.

सोमेश माझा विश्रामबागेत वेबसाइटी करतो.
गिऱ्हाईक सांगतं, हा करतो,
चेहरा दिसत नाही, पैसे मोबाईलवर येतात.

हरिपूरला पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे.
तोंड मोकळं करून वाफ जाऊ देत,
मग दोरीनं कंदील सोडत.
मी तीन दिवस जेवताना गप्प राहिलो.
चौथ्या दिवशी तोच बोलला, भाकरीकडं बघत,
"मला वाटलं, त्यांच्यातलाच कुणी असंल, वाटण्या झालेला.
म्हणाला, अक्षरं जवळ घे. घेतली."
किती जवळ?
"तुम्ही शिकवली तेवढी."

कंदील विझला का जळत राहिला, मला वरनं कळलं नाही.

आज मगदूमांनी पाटी उजळायला बोलावलंय.
वहिनींना मी काही सांगितलेलं नाही.
सोमेशनं शिडी धरलीय, न सांगता आलाय.
खालच्या ओळीत "शाखा : तासगाव",
रंग पोपडून ख चा पाय गेलाय.
सोडू नको म्हणेपर्यंत शिडी सोडून
तो हमालांच्या गाड्यांमधनं रस्त्यापलीकडं,
आणि तिथनं ओरडतोय,
"पप्पा, शारवा दिसतंय, शारवा!"

मी ब्रश डब्यात बुडवला.
शिडी जरा हलली.