पाचपावलीत दोन पावलं

वस्तीचं नावच पाचपावली,
आणि खोब्रागडे सर शिट्टी दातात धरून सांगतात:
पावलं फक्त दोन.
बॉल हातात घेऊन तिसरं टाकलं
की बॉल समोरच्यांचा.

नवतपा लागलाय.
म्हणून खेळ पहाटे साडेपाचला;
आठनंतर रिंगच्या खांबाला हात लावता येत नाही.
मग बत्तीस पोट्टे-पोट्ट्या, माना ओल्या,
खिशात आईनं कोंबलेला कांदा,
मनपा शाळेच्या खोली क्रमांक चारमध्ये येतात.
तिथे एक कूलर, नवा वाळा,
आणि बीजगणित.

पत्रकावर छापलं होतं
‘बास्केटबॉल व अभ्यास उन्हाळी शिबिर’.
त्यातलं ‘व अभ्यास’ म्हणजे मी.
पहिले चार दिवस पोरं माझ्याकडे बघायची
तर्री न घातलेल्या पोह्यांकडे बघावं तशी.

श्रुतिका धकाते, दहावीत जाणार,
उंची पाच फूट नऊ.
दार पुरेसं उंच असूनही वाकून वर्गात येते.
तिच्या वहीत उत्तर असतं. नुसतं उत्तर.
क्ष बरोबर सात.
वर काही नाही, खाली काही नाही,
जसं कोणी भिंतीवरून उडी मारून घरात आलं
आणि दाराची कडी आतून तशीच.
मी लाल पेनानं लिहायची: स्टेप्स?
चारपैकी एक.

त्या दिवशी दहाच्या सुमारास वीज गेली.
कूलर थांबला की आधी वाळ्याचा वास येतो,
मग बत्तीस जणांचा.
फळा उचलला तजिंदर आणि अरमाननं,
ज्यांचं एरवी पाण्याच्या बाटलीवरूनही वाजतं.
कोर्टाच्या कडेला कडुलिंब, त्याखाली फळा.
मी समीकरण लिहिलं. हाक मारली: धकाते.

ती उठली नाही. बसूनच म्हणाली,
“मॅडम, तुमी स्टेप गाळली का मार्क कापता.
सर स्टेप वाढली का बॉल घेते.
पोट्टीनं पाय ठेवावा तरी कुठं बे?”
आणि त्या ‘बे’वर स्वतःच जीभ चावली.

आधी कोणी हसलं नाही. मग सगळेच.
मीही हसले, कारण उत्तर येत नव्हतं.

सर खुर्चीत, डोक्याला ओला दुपट्टा, पेपर वाचत.
“शेहेचाळीस पूर्णांक दोन,” म्हणाले, “कालचं.”
मग पान उलटता उलटता,
“धकाते, मॅडमले ले-अप दाखव. सावकाश.”

सावकाश ले-अप होत नसतो.
तरी तिनं केला. उजवा. “हे एक.”
डावा. “हे दोन.”
मग ती हवेत, आणि हवेतलं तिनं काही सांगितलं नाही.
बोर्डाच्या चौकोनावर टप,
जाळी तुटलेल्या रिंगमधून बॉल खाली,
आवाज न करता.

“दोनातच होते मॅडम. पण ते दोन दिसावं लागते.
नाहीतर सर म्हणते, पळवला.”

बोलून झाल्यावर थोडी थांबली.
तापलेल्या बॉलचे हात तसेच, खडू घेतला,
दोन ओळी लिहिल्या, मग क्ष.
तिसरी ओळ मी सुचवली.
“फाउल होईल,” म्हणाली, आणि लिहिली नाही.
चारपैकी तीन दिले.
अर्ध्या मार्कासाठी तिनं घातलेली हुज्जत
दुपारच्या पन्ह्यापर्यंत चालली.

शेवटच्या दिवशी ती आली नाही.
लग्नसराई, आईकडे साड्यांचा गठ्ठा,
ऐंशी फॉल, तजिंदर सांगत होता.
तिचं प्रमाणपत्र माझ्या पर्समध्ये,
आडनाव ‘ढकाते’ छापलेलं. दुरुस्त करून द्यायचंय.

संध्याकाळी खोलीला कुलूप लावलं
आणि सहज म्हणून बॉल उचलला.
चपला काढल्या, कोर्ट अजून भाजत होतं.
एक. दोन.
तिसरं पडलंच. चौथंही.
पाचव्याला फेकला तो रिंगला न शिवता
कुंपणापलीकडे.

थोड्या वेळानं कोणीतरी तो परत आत टाकला.
उन्हाची तिरीप डोळ्यात होती,
कोण ते दिसलं नाही.