आखूड पायाचा आर

जानेवारीत ब्राइलाला डॅन्यूब गोठते
आणि गावातली टंकयंत्रं मिलिशियाच्या दारात
हजेरीला येतात; कुणी घसरगाडीवर,
कुणी घोंगडीत गुंडाळून,
तापलेलं मूल दवाखान्यात आणावं तशी.
प्रत्येकाने एक पान टंकून द्यायचं.
पुढचं माझ्याकडे.

'ओ'च्या पोटात साचलेली शाई,
ओळीखाली घसरलेला 'टी',
पडताना किंचित मान वळवणारा 'एम':
एकोणीस वर्षं झाली, माणसांचे चेहरे विसरतो,
खिळे विसरत नाही.

परवा पत्रक आलं, गोदीच्या संडासात चिकटवलेलं.
चार ओळी. पाव नाही. दिवा नाही.
आई अंधारात खोकते.
तुमच्या खिडकीत मात्र उजेड.
'आर' लंगडा. उजवा पाय आखूड, टोकाला तुटका.

सातशे बारा नमुने चाळले.
वेतुरियाने चहा ठेवला, निवलेला उचलला,
दुसरा ठेवला.

मग कुठलीशी तारीख बघायला
माझाच जुना अहवाल काढला,
आणि खाली माझं नाव: ग्रिगोरे.
दोनदा लंगडत होतं.

काखेत कळसा.
आमच्या यंत्राचा नमुना
आम्ही कधी घेतलाच नव्हता.

संध्याकाळी मी सांगत गेलो, ती टंकत गेली.
'जुळणारं यंत्र आढळलं नाही.'
तिची बोटं 'आर'पाशी एकदाच थबकली, बहुतेक थंडीने.
आईचा खोकला कसा आहे, विचारणार होतो.
कागद पुढे आला.
सही तेवढी हाताने करायची असते.
केली.