खाटेखालचा मका

किटुईच्या पुढे रस्ता संपतो, मग कोरडी नदी,
मग स्योकाऊचं घर.
मी कागदाच्या पट्ट्या घेऊन गेलो होतो,
हातजातं, स्पिरिटची बाटली, नोंदवही.

मका तिच्या खाटेखाली होता.
अंगणातली कणगी रिकामी, दार सताड उघडं.
गेल्या साली चोरी झाली, म्हणाली,
तेव्हापासून आम्ही मक्यावर निजतो.
काढणीला अवेळी सरी आल्या,
कणसं ओलीच आत घेतली,
भुई ओल सोडत राहिली
आणि सहा माणसांचा श्वास
रात्रभर पोत्यांत मुरत गेला.

दाण्याच्या टोकाशी हिरवट पूड,
एवढीशी,
खडू धरलेली बोटं लेकराने पुसावीत तशी.

तिने सगळं केलं होतं:
पाखडला, निवडला, राखेच्या पाण्यात धुतला,
उखळात कांडून साल काढली,
घेवड्याबरोबर दुपारभर रटरटवला.
"आगीतून गेल्यावर काय उरतं?"
हेच उरतं, असं मी म्हणालो नाही.
याला वास नाही, चव नाही,
चुलीचं भय नाही.

आधी कोंबड्या गेल्या. मग कुत्रा.
मग मुथिआनीच्या डोळ्यांत पिवळं उतरलं.
नऊ वर्षांचा.
शेजारी म्हणाले, नजर लागली.

पट्टी द्रवात उभी केली.
दोन रेषा उमटल्या तर खा.
एकच उमटली तर...
आम्ही चौघं त्या कोऱ्या जागेकडे बघत बसलो
पाच मिनिटं.
काहीच आलं नाही.
ते 'काहीच नाही' मी तारीख घालून लिहिलं.

अकरा पोती. खड्डा तिच्या दिराने, कियोकोने, खणला.
सरकारी मका महिन्याभरात येईल, मी म्हणालो,
आणि माझाच आवाज
किडक्या दाण्यासारखा पोकळ वाजला.
ती काठाशी बसून
सांडलेले दाणे वेचत होती, हाताच्या सवयीने,
ओच्यात घेत होती,
मग आठवून
एकेक परत आत टाकत होती.

नोव्हेंबरात पुन्हा गेलो.
मुथिआनीबद्दल विचारावं लागलं नाही.
त्याची चप्पल दाराशी होती, एकच.

खड्ड्यावर मका उगवला होता,
गुडघाभर, विरळ, हिरवागार.
भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण.
"हा तरी?" तिने विचारलं.

पिशवीत पट्ट्या होत्या.
पण पट्टी दाण्याला विचारते, पानाला नाही.
कणसं भरेपर्यंत थांब, म्हणालो,
आणि कुंपणातली एक निसटलेली फांदी
नीट लावून दिली.