तीन अंशांची पाचर

उद्यमनगरात, फौंड्रीच्या जळक्या वाळूचा वास
जिथं चहातही उतरतो, त्या गल्लीत माझा गाळा.
दोन रॅम्प, एक संगणक
आणि संगणकावर काडीचा विश्वास नसलेले
गौसलाजम मिस्त्री.

जिनगोंडा मगदूमनं ट्रक आत घेतला
तेव्हा बॉनेट माझ्या कपाळाला आलं.
चार इंच उचललेला. नवे पाटे, गव्याच्या छातीचे टायर.
"गगनबावड्याच्या चिखलात नाद न्हाई करायचा ह्याचा," तो म्हणाला,
"पण हायवेला लागलं की, बाई, पिल्यागत जातंय.
कागलपतूर धरून धरून दंड भरून आलं."

मी चाकांना आरसे लावले. पडद्यावर आकडे उजाडले:
कॅस्टर, डावा वीस मिनिटं, उजवा पन्नास.
मिनिटं म्हणजे घड्याळातली नव्हेत,
एका अंशाचे साठ तुकडे केले, त्यांतली.
तीन अंश हवे होते. एकही पुरता नव्हता.
सगळं लाल.

"लाल म्हंजी नापास?"

सायकलचा चिमटा बघा, मी म्हटलं,
खाली पुढं कललेला असतो,
म्हणून पोरं रंकाळ्यावर हात सोडून जातात
आणि चाक आपलं आपण सरळ होतं.
तुम्ही गाडी उचललीत, पाटे वाकले,
आक्सल नमस्कार करावा तसा पुढं झुकला.
आता वळवलेलं चाक
परत यायचं विसरतं.

"मग कॅम्बर पण सरळ करा की."
अखंड आक्सल आहे. कॅम्बरला इथं हात लागत नाही.
जे मापता येतं ते सगळंच
बदलता येतं असं नसतं.
(हे मी मनात म्हटलं. गिऱ्हाइकाला म्हटलं: "गरज नाही.")

मिस्त्री पलीकडच्या लेथवरून
दोन पाचरी कातून घेऊन आले, तीन अंशांच्या,
अजून गरम, फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीसारख्या.
जाड तोंड कुठं, बारीक कुठं, हे तीनदा बघितलं.
उलटी बसली तर गाडी जिवावर उठते.

मला पाचर माहीत आहे.
सहाव्या वर्षी डावा पाय बारीक राहिला.
मिरजेच्या डॉक्टरांनी फूटपट्टीनं मापला, कागदावर लिहिला.
सुभाषनगरात व्हटकर मामांनी कागद बघितलाच नाही,
माझी जुनी चपल उलटी करून
झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.
"पोरी, कड खाल्लीया बाहेरची," म्हणाले,
आणि तळात चामड्याचा एक तिरका थर घातला.
मी आजही टायर असाच वाचते. आधी अंगठा, मग पडदा.

टो शेवटी. आधी केला तर वाया.
मिस्त्रींनी ओळंबा सोडला, दोरा ताणला,
चाकांच्या पुढच्या अंगाला मापलं, मग मागच्या.
सहा मिलिमीटर उघडं होतं,
दोन बदकं दोन तळ्यांकडं निघाल्यासारखं.
टाय रॉड फिरवत फिरवत दोन मिलिमीटर आत आणलं.
ड्रॅग लिंक तिरकी झालेली, ती जुळवून
वाकडं स्टिअरिंग सरळ केलं.
संगणक म्हणाला, बरोबर.
मिस्त्री म्हणाले, "त्याला काय कळतंय,"
आणि दोरा गुंडाळून खिशात ठेवला.

पडद्यावर अजून एक चौकोन लालच.
जिनगोंडाचं बोट त्याच्यावरच.
तो उंचीचा, मी सांगितलं.
कंपनीचा आकडा कंपनीच्या उंचीचा असतो.
तुमची गाडी आता त्या उंचीवर राहत नाही.

गोकुळ शिरगावच्या उतारावर
त्यानं स्टिअरिंग सोडून हात मांडीवर ठेवले.
उसाच्या ट्रॉल्या मागं पडत गेल्या.
एक, दोन, तीन... नवापर्यंत गाडी सरळ,
मग जराशी डावीकडं.
रस्त्याला तिकडं उतार होता, पाणी जायला,
आणि डाव्या चाकाला तीस मिनिटं कमी.
"ऱ्हाऊ दे?" त्यानं विचारलं.

गाळ्यात परतून मी पत्रक छापलं.
शेरा असा रकाना असतो खाली.
तिथं लिहिलं:
डावी बाजू किंचित कमी.
चालेल.