मोज्यांवरून

एकतीस गुणांनी हरलो त्या रात्री
बैठक माझ्या धुण्याच्या खोलीतच बसली.
हॉलचं हीटिंग बंद, बिल तुंबलेलं,
आणि लाटव्हियाच्या सीमेवरच्या या गावात जानेवारीत
उबेच्या जागा दोनच: दारूचा गुत्ता, आणि माझा ड्रायर.
गुत्त्यात लोक शिव्या घालत होते.

कोच वाइदोतास उलट्या बादलीवर.
लाकूडवाला गिंतौतास, क्लबचा मालक, निदान मार्चपर्यंत,
इस्त्रीच्या टेबलाला टेकून.
तिसरा तो आकडेवाला पोरगा, मांडीवर लॅपटॉप.
मी होतेच. मला कुणी धरलं नव्हतं.

जुने सगळे उन्हाळ्यात विकून झाले.
"आता नव्यानं बांधायचं," गिंतौतास म्हणतो,
जणू संघ म्हणजे त्याचं कोठार,
कुजक्या फळ्या उपटल्या की झालं.
उरले तीन पोरगे गार्ड. मिनिटं पुरणार दोघांना.

कायुसचा हात सोन्याचा, आकडेवाला म्हणाला,
कोपऱ्यातून शंभरात एकेचाळीस.
बचावात मात्र दार सताड उघडं, कोच म्हणाला,
कुणीही यावं, पाय न पुसता आत जावं.

मग योकूबास. चेंडू त्याचं ऐकतो,
तो कुणाचंच ऐकत नाही.
आज शेवटच्या दहा मिनिटांत पाचदा चेंडू घालवला
आणि सहाव्यांदा हात पुढे केला.
"हेच तर हवं," कोच.
"हेच तर नको," मालक.
यावर अर्धा तास गेला.

आरोनास सतराचा.
त्याच्याबद्दल कुणी बोलेचना.
शेवटी आकडेवाला म्हणाला, त्याचे आकडे अजून साठले नाहीत,
आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली, पुरावा म्हणून.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
मला मोज्यांत दिसतात.
कायुसचे चवड्याशी विरतात, टाचा कोऱ्या करकरीत.
मागे हटणं त्याच्या पायांना ठाऊकच नाही.
योकूबासच्या जर्सीचा गळा चावलेला असतो.
फ्री-थ्रोआधी तो दातांत धरतो.
लोकांना दिसते ती मिजास; मी रफू करते ती भीती.
आरोनासच्या डाव्या बाहीवर दर आठवड्याला रक्त,
जमिनीवर लोळणाऱ्या चेंडूमागे पडतो तो.
गार पाणी आणि मीठ. गरम पाण्यात डाग पक्का होतो.
त्याच्या ट्रॅकपँटच्या खिशात पहाटे पाच-दहाच्या बसची तिकिटं,
भिजून लगदा झालेली,
आणि वास गोठ्याचा, साबणाला न जुमानणारा.

"दांग्वोले, तू सांग," गिंतौतास हसत म्हणाला,
"तूही खेळायचीस ना जवसाच्या गिरणीकडून?"

खेळायचे. ब्याऐंशी साली.
तेव्हाही तिघीच होतो, आणि जागा दोन.
अशीच बैठक झाली असणार कुठेतरी, उबेला.
तिसरी मी.
रडले, चिडले, वर्षभर हॉलकडे फिरकले नाही.
पण खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं.
रेगिना विल्नियसला जाऊन नाव काढून आली,
माझा उजवा पाय नेहमी अर्धं पाऊल उशिरा पोहोचायचा.
आणि तरी माझ्या मोज्यांना
तेव्हा कुणी नावं ठेवली नसती.

म्हणून म्हटलं, "अजून वीस मिनिटं लागतील वाळायला."
ते हसले. माझ्याकडून एवढंच अपेक्षित होतं.

मग भिंतीपलीकडून आवाज आला.
थप्. थप्. मध्ये श्वासाएवढी जागा. थप्.
अंधाऱ्या, थंडगार हॉलमध्ये कुणीतरी होतं.
"योकूबास," कोच लगेच म्हणाला.
आकडेवाला म्हणाला, "कायुस, दोनशे शॉट पुरे करतोय."
गिंतौतास म्हणाला, "कोण का असेना, दिवा लावू नका म्हणावं."

उठून बघितलं कुणीच नाही.
मीही नाही. गुडघे ड्रायरला टेकवून बसले होते,
आणि एका डाव्या मोज्याची जोडी लागत नव्हती.