एकच कुंडी

वैजू, तू फोनवर विचारलंस,
धारवाडच्या नव्या घरात, दुसऱ्या मजल्यावर,
बाल्कनीत एकच कुंडी मावते,
घेवडा लावू की टोमॅटो?
मी म्हटलं, उद्या सांगतो.
त्याला आठ दिवस झाले की गं.
खरं सांगू, माग विकल्यापासून
मला कुणी काही विचारत नाही,
म्हणून जरा लांबवायलोय.

घेवड्याचं असं आहे.
राखेत ठेवलेला दाणा घ्यायचा,
बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत खोल दाबायचा.
सहाव्या-सातव्या दिवशी तो मान खाली घालून वर येतो,
पाळीला उशीर झालेल्या कामगारासारखा,
आणि एकदा आला की बसत नाही.
परसात मी त्याला ताण्याचा दोरा दिलाय, जांभळा,
शेवटच्या साडीच्या काठातला,
दोन कांड्या माझ्या खिशातच राहिल्या होत्या.

एकदा मी शहाणपणा केला.
शेंडा हातानं दोऱ्याला गुंडाळला,
माझ्या सवयीच्या बाजूनं.
सकाळी बघतो तर सोडवून घेतलेला,
आणि त्याच्या बाजूनं दोन वेढे पुरे.
चाळीस वर्षं वडगावात दोरा हाताळला मी,
आणि हे वीतभर पोर मला शिकवायलंय.

टोमॅटो तसा नाही.
त्याला उभं राहायचं माहीतच नाही.
काठी दे, चिंधी दे,
दर आठवड्याला चिंधी सैल कर,
सुतळी चालत नाही, दांडा कापतो.
गाठ मारायची चारच्या आकड्यासारखी,
एक वेढा काठीला, एक झाडाला.
भिंतीपलीकडची नीलव्वा म्हणते,
चार नव्हं री, इंग्लिश एंटु.
आकडा कुठलाही घ्या, झाड उभं राहिलं.

बगलेतली फूट खुडायची.
दया आली की मेलास,
नुसती पानं वाढतात.
आणि तो वास, पानाचा,
हात दोनदा धुतला तरी
जेवताना भाताला लागतो.
कार्तिकात धुकं उतरलं
आणि नीलव्वानं भिंतीवरून पान धरलं, नोड्री,
खालून काळं.
काहीतरी बोलायला हवं होतं.
मी दोन मुठी शेंगा दिल्या.
पिशवी परत आली ती जड,
सहा टोमॅटो, हिरवे,
करप्याच्या आधी घाईनं तोडलेले.
शेंगदाणे घालून चटणी केली.
तू असतीस तर कुंडीचा प्रश्नच
विचारला नसतास.

घेवडा सोपा म्हणावा
तर तोडायला चार दिवस उशीर कर,
शेंग जून होते,
झाडाला वाटतं आपलं काम झालं,
मग ते थांबतं.
टोमॅटो तसा रागावत नाही,
कच्चा तोडला तरी
खिडकीत बसून लाल होतो,
फक्त फोडी केल्यावर कळतं
काय राहून गेलं ते.

हंगाम संपला की घेवडा उपटून बघ.
मुळाला गाठी असतात, राळ्याएवढ्या,
नखानं फोडल्या तर आत गुलाबी.
जाताना मातीला देऊन जातो.
टोमॅटो जाताना काठीसुद्धा कुजवून जातो.

तरीपण परवा
नीलव्वाच्या गुडघ्याचं दुखणं होतं,
तिची अकरा झाडं मी बांधली.
तासभर गेला.
बरा गेला.

तर आता ऐक.
कुंडी केवढी आहे?
ऊन सकाळचं की दुपारचं?
शाळेतून किती वाजता येतेस?
यातलं काहीच सांगितलं नाहीस तू.

रविवारी शंकर्‍या धारवाडला यायलाय,
त्याच्याकडे काडेपेटी दिलीय,
नऊ दाणे, मोजून.
खाली जुन्या धोतराच्या चिंध्या,
त्या कशाला ते तुला कळेल.
आणि एक कांडी, जांभळी,
अर्धी गुंडाळलेली.

बाकीचं पुन्हा फोन करून विचार.