चौथं नाव

डिसेंबर लागला की मी दुसरी वही काढते.
रकाने पट्टीनं आखते: नाव, शेताचा नंबर,
ताप, खोकला किती दिवसांचा, बोटावरचा आकडा.
शेवटच्या रकान्याला मथळा देत नाही.

अब्दलीत शेतं आहेत म्हटलं तर घरी कुणाला खरं वाटत नाही.
कुवेतच्या उत्तर टोकाला, इराकच्या अलीकडे,
प्लास्टिकखाली टोमॅटो, काकडी,
आणि पत्र्याच्या खोल्यांत ती पिकवणारी माणसं.
"वाळवंटात कसली गं थंडी," आई फोनवर हसते.
आई, इथं एखाद्या पहाटे बादलीवर काच धरते.

आम्ही निफाडकडचे. पारा उतरला
की तेवढ्यापुरतं पेपरात आमचं नाव यायचं.
भाऊ रात्रभर बागेत शेकोट्या लावायचा,
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.
धूर वेलींतून निघून वर चांदण्यात जायचा.
त्याला जायला आभाळ होतं
हे तेव्हा कुणी मोजलं नाही.

येल्लय्या दर आठवड्याला येतो. करीमनगरचा. खोकला जुना.
बोटाला यंत्राचा चिमटा लावला तर नुसत्या रेघा.
बोट गार असलं की यंत्र वाचत नाही.
मग मी त्याचा हात दोन्ही हातांत धरून चोळते.
तो भिंतीवरचं लसीचं पोस्टर बघत बसतो,
अरबी येत नाही तरी वाचल्यासारखा.
चौऱ्याण्णव. पुन्हा चौऱ्याण्णव. लिहिते.

मागच्या जानेवारीतला एक शुक्रवार.
पिकअपमधून तिघं उतरले: टेकबहादूर, शोहदी
आणि मोनिरुल नावाचा पोरगा.
डोकं दुखतं. ओकारी. पायांत कापूस.
फ्लू, ड्रायव्हर म्हणाला, सगळीकडे तोच चाललाय.
मीही तेच लिहिणार होते.
आकडे पाहिले: नव्याण्णव, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव.
मोनिरुलचे गाल तर जत्रेतून आल्यासारखे लाल.

पेन तापाच्या रकान्यात अडलं.
ताप कुणालाच नव्हता.
शेत एक. खोली एक. रात्र एक.
काय पेटवलं होतं?
तिघं एकमेकांकडे बघतात. शोहदी हातांनी तुपाचा डबा दाखवतो,
एवढा. कोळसे.
खिडकीत पोतं कोंबलं होतं.

रक्ताला काय चिकटलंय ते यंत्र विचारत नाही.
लाल दिसलं की बरं म्हणतं.

खोलीत किती राहता?
चार.
चौथा?
झोपलाय, सिस्टर. आज सुट्टी ना.

तिघांना मास्क लावून डॉक्टरांच्या हवाली केलं.
सात किलोमीटर. टाकी मांडीवर,
दोन्ही बाजूंना प्लास्टिकची घरं, आत दिवे, आत ऊब,
टोमॅटोंना बारा अंशांच्या खाली चालत नाही.

दार उघडलं तेव्हा डब्यातली राख अजून कोमट होती.
त्याचं बोट गार होतं.
मी चोळलं. रेघा.
दुसरं बोट चोळलं. रेघा.
ड्रायव्हरनं मागून पोतं ओढून काढलं
आणि वारा आत आला, उशिरा.

वहीत चौथं नाव: रामसनेही. शेत बासष्ट.
आकड्याचा रकाना कोरा.

यंदा शेवटच्या रकान्यात मी काहीबाही लिहिते.
चौघांत तीन कांबळी.
काच फुटलेली, पुठ्ठा लावलाय.
हीटर मागितला, उत्तर नाही.
तपासणीला आलेले साहेब पान उलटून विचारतात,
हे आजारात कसं बसतं?
मी म्हणते, रकाना रिकामा होता.

आज येल्लय्या आला. मी काही विचारायच्या आत म्हणाला,
डबा बाहेरच ठेवतो हं, सिस्टर.
मग रात्रभर काय करता?
तो हसला. खोकला. पुन्हा हसला.
बसून राहतो.

त्याचा हात हातात होता, म्हणून
लिहायला जरा वेळ लागला.